आत्ता काय आलात!

लग्नानंतर मी पहिल्यांदा वाईला गेलो तो मे महिन्यात. स्वारगेटला एसटीत बसलो, खंबाटकीचा घाट ओलांडला, सुरूरच्या फाट्यावरून गाडी आत वळली आणि दुपारी एकच्या उन्हात आम्ही दोघं मामांच्या दारात उभे राहिलो. मामा म्हणजे हिचे सख्खे मामा, माझे मामेसासरे. ओट्यावर उघड्या अंगानं पंचानं वारा घेत बसले होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच कसनुसा झाला.

“या, या, जावईबापू. पण आत्ता काय आलात!”

मला वाटलं, जेवणं उरकली असतील. तसं नव्हतं. मामी आत पानं मांडत होत्या. मामांचा आक्षेप महिन्याला होता.

संध्याकाळी ते मला गाव दाखवायला घेऊन निघाले. ढोल्या गणपतीच्या घाटावर आम्ही उभे राहिलो. समोर कृष्णा होती, म्हणजे असायला हवी होती. पात्रात चार डबकी होती आणि दोन डबक्यांच्या मधे पोरांचा क्रिकेटचा सामना रंगात आला होता. मामांनी हात लांब केला. “हे जे दिसतंय ना, इथं सगळं पाणी असतं.” मग हात वर नेला. “हा डोंगर. हा हिरवागार असतो.” मग डावीकडे. “आणि ह्या पायऱ्यांवर माणूस मावत नाही, उत्सवात.” पाऊण तासात मामांनी मला संपूर्ण वाई दाखवली आणि त्यातलं काहीही तिथं नव्हतं. सीमारेषेवरचा एक पोरगा मात्र होता. तो म्हणाला, “काका, बाजूला व्हा, चौकार आहे.”

दुसऱ्या दिवशी धोमला गेलो. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे. त्यात एक भलं मोठं दगडी कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं, म्हणे. आम्ही गेलो तेव्हा कुंड ठणठणीत होतं आणि कासव कोरड्या फरशीवर, एसटी चुकलेल्या माणसासारखं, पाठीवरचं ओझं न उतरवता उभं होतं. मामांना ते बघवेना. “पावसाळ्यात या,” ते म्हणाले. “वाई पाहायची तर पावसाळ्यातच.”

इथं मामांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांची हयात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. वाईत हा धंदा कमीपणाचा नाही. या गावात नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा झाली, तिथं शिकायला विनोबा येऊन राहिले, तिथलेच विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढं मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले आणि कोशाचं कामही वाईतच थाटलं गेलं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडलं. ज्या गावात ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत पोचायला एकोणचाळीस वर्षं लागतात आणि लागली म्हणून कुणाची तक्रार नसते, तिथं चूक शोधणाऱ्या माणसाला मान असणारच. मामा निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. मिठाईच्या दुकानाची पाटी, देवळातली सूचना, लग्नपत्रिका, सगळीकडे त्यांना ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. माझं वाईला येणं हेही त्यांच्या लेखी एक मुद्रित होतं आणि त्यात दर वेळी तारखेची चूक होती.

तर पावसाळा. मी जुलैत गेलो.

वाईतला पाऊस तसा बेताचा. पण पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढं महाबळेश्वर गाठलं, की अवघ्या तीस-बत्तीस किलोमीटरांत वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडणारा मुलूख लागतो. म्हणजे ढग सगळे वर रिकामे होतात आणि वाईकरांच्या वाट्याला येतं ते झिरपणं. पाऊस पडतोय असं म्हणता येत नाही, थांबलाय असंही म्हणता येत नाही. मामांच्या घरात उशी ओली होती, काडेपेटी ओली होती, वर्तमानपत्र उघडलं तर धोतराच्या घडीसारखं उलगडलं. चहाबरोबर मामींनी चुरमुऱ्यांचा चिवडा दिला. तो मी बराच वेळ चघळत होतो. मामा म्हणाले, “पावसाळ्यात असाच लागतो. चिवडा खायचा तर वैशाखात.”

घाटावर गेलो. आता मात्र कृष्णा होती. चहाच्या रंगाचं पाणी पायऱ्या गिळत निघालं होतं आणि ढोल्या गणपतीच्या देवळाशी येऊन दुभंगत होतं. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशाच्या पाठीसारखी निमुळती केली आहे. पूर आला की पाणी भिंतीवर धडकत नाही, दोन बाजूंनी निघून जातं. आत गणपती निवांत. दहा फूट उंच, चांगलाच ऐसपैस, पुण्यातल्या सोसायटीच्या अध्यक्षासारखा मांडी ठोकून बसलेला. मी वर्षानुवर्षं ‘देवाच्या पाठीशी कोण’ असा विचार करत आलो होतो. इथं उत्तर दिसलं, गवंडी.

मी खरोखरच भारावलो होतो. छत्री वाऱ्यानं उलटी झाली तरी बघत उभा होतो. मामा पायऱ्या मोजत होते. त्यांची ती जुनी सवय आहे: पाण्याबाहेर किती पायऱ्या उरल्या ते मोजायचं आणि घरी येऊन कॅलेंडरवर लिहायचं. मामींचं दुधाचं खातं आणि मामांचं पुराचं खातं एकाच चौकोनात असतं. त्यामुळं एका जुलैत मामींच्या हिशेबानं घरात अकरा लिटर दूध आलं होतं आणि मामांच्या हिशेबानं गणपती वाचला होता.

“नऊ,” मामा म्हणाले आणि सुस्कारा टाकला. “काल पाच होत्या. काल यायला हवं होतं, जावईबापू. काल बघण्यासारखं होतं.”

“काल मी ऑफिसात होतो, मामा.”

“तेच ना. आणि तसंही आता धोमचं धरण झाल्यापासून पुरात राम राहिला नाही. पूर्वी पूर यायचा. आता सोडतात.”

‘सोडतात’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू पूर पाटबंधारे खात्याच्या सही-शिक्क्यानिशी तीन प्रतींत येतो.

शाळेत आपल्याला सहा ऋतू शिकवतात. मामांच्या ओट्यावर बसून माझी खात्री झाली की वाईत ऋतू एकच आहे, नुकताच होऊन गेलेला.

पण मीही हट्टी. शिवाय हिचं आजोळ, त्यामुळं वाईला जायला घरात कधी विरोध नसायचा. ऑक्टोबरात गेलो. हवा कोरडी, ऊन चटके देणारं, आणि घाटावर हिंदी पाट्या. पोलीस ठाणं म्हणून रंगवलेला एक वाडा, त्यासमोर दोन जीप, खुर्चीवर छत्री धरलेला एक मुलगा आणि छत्रीखाली कुणीच नाही.

“आज आपण बिहारात आहोत,” मामा शांतपणे म्हणाले. “मागच्या महिन्यात उत्तर प्रदेशात होतो.”

त्यात खोटं काही नव्हतं. ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’, ‘दबंग’ असल्या कितीतरी चित्रपटांत वाईनं उत्तर हिंदुस्थान म्हणून काम केलं आहे आणि चोख केलं आहे. ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे आपली मेणवली. पेशव्यांच्या काळी वाईकर पोटापाण्यासाठी उत्तरेत जात, आता उत्तर इथं येते आणि दुपारच्या जेवणासह मजुरी देऊन जाते. मामांच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी ‘गर्दी’ म्हणून काम केलेलं आहे. एरवी आमच्याकडं गर्दी जमवायची तर दोन दुचाक्या एकमेकींना घासल्या तरी पुरतात. वाईकरांनी तेवढ्यासाठी पैसे घ्यायची पद्धत पाडली. मामांनाही एकदा विचारलं होतं. ते गेलेही होते. पण ठाण्याच्या पाटीवर हिंदीची वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दिग्दर्शकाच्या नजरेस आणून दिली आणि गर्दीतून कमी झाले.

घाट बंद म्हणून आम्ही मेणवलीला गेलो. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागं त्यांनी बांधलेला घाट, आणि घाटावरच्या देवळाशी टांगलेली ती घंटा. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, पोर्तुगीजांकडून मिळालेली. मी बुडाशी वाकून पाहिलं. बाळ येशूला घेतलेली मेरी आणि खाली साल, १७०७. महादेवाच्या दारात ती बाई तिच्या लेकराला घेऊन पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिलाही हळदकुंकू लावून जात असणार, कारण बोटांच्या खुणा ताज्या होत्या. मी म्हटलं, मामा, हे बाकी अप्रतिम आहे. मामांनी चष्मा पुसला, १७०७ वर बोट ठेवलं आणि चारी आकडे तपासून पाहिले. “साल बरोबर आहे,” ते म्हणाले. मामांच्या तोंडून एवढी स्तुती मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कशाचीच ऐकलेली नाही. अर्थात लगेच पुढं होतंच. “पण वाड्यातली चित्रं बघायची तर सकाळी. आता उजेड गेला.”

त्याच फेरीत, रात्री गॅलरीत बसलो असता, मामांनी सहज विचारलं, “पुण्याला यायचं तर कधी यावं हो?” मामा पुण्याला कधी येत नसत. मला एकदम अधिकार प्राप्त झाला. मी मागं रेललो आणि म्हणालो, “दिवाळी आटोपली की या. त्याआधी नको. पाऊस गेलेला असतो, धूळ बसलेली असते, थंडी नुकती सुरू झालेली असते. आत्ता काय येता!” मामांनी मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला.

जानेवारीत गेलो ती थंडी खाण्यासाठी. थंडी मागच्या आठवड्यात होती. या आठवड्यात पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्या होत्या. मुंबई-पुण्याची मंडळी वाईतून जातात, पण वाईला येत नाहीत. ती स्ट्रॉबेरी खायला चाललेली असतात. काच खाली करून एकानं मला विचारलं, “इथं बघण्यासारखं काय आहे?” मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्याच्या पुढची गाडी हलली. वाईला त्यानं दिलेला वेळ म्हणजे एक ट्रॅफिक जॅम. तेवढ्यात जे दिसेल ते.

माघ लागला की वाईचं खरं सणाचं दिवसमान सुरू होतं, कृष्णाबाईचा उत्सव. आपल्याकडे नदीला आई म्हणणारी गावं पुष्कळ आहेत, पण नदीची पालखी काढून, तिला मांडवात बसवून, दागिने घालून, तिच्यापुढं कीर्तन लावणारं गाव दुसरं मला माहीत नाही. अफझलखानाच्या संकटातून शिवाजी महाराज सुखरूप सुटावेत म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला, तो फेडण्यासाठी हा उत्सव, असं वाईत सांगतात. गावाला सात घाट, आणि सातही घाटांचे उत्सव वेगवेगळे, आपापल्या तिथीला. नदी एकच, पण ती एकाच घराण्यातल्या सात सुनांकडे पाळीपाळीनं राहायला जावी तशी जाते.

मी अर्थातच चुकीच्या घाटाला पोचलो.

“आपला परवाच उठला,” मामा दारातच म्हणाले. “आता हा पलीकडचा चालू आहे. तुम्ही आलाच आहात तर जाऊन या. मंडळी चांगली आहेत. उत्साह आहे. पण...” तो ‘पण’ त्यांनी अर्धवट सोडला. सात घाटांमधला सगळा व्यवहार त्या ‘पण’मध्ये होता. कुणाचे बुवा जास्त रंगतात, कुणाच्या शिऱ्यात तूप आहे आणि कुणाच्यात तुपाची आठवण, कुणाच्या मांडवात गेल्या साली वीज गेली होती, ही चर्चा मी पुढं दोन तास ऐकली.

गेलो. आणि काय सांगू, मी त्या दुपारी खूश होतो. मांडवात कृष्णाबाई नटूनथटून बसलेली, समोर नऊवारीतल्या आज्यांची रांग, लाउडस्पीकरवर खरखर आणि खरखरीतून भजन. मग पंगत. पंगत घाटाच्या फरशीवर. घाटाच्या फरशीला नदीकडं बारीक उतार असतो, पावसाचं पाणी ओसरून जावं म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या हुशार कारागिरानं देवळाच्या पाठीचा विचार केला, पुराचा केला, आमटीचा मात्र केला नव्हता. माझ्या पत्रावळीतली आमटी भाताच्या बांधाला वळसा घालून कृष्णेच्या दिशेनं निघाली. मी बोटानं अडवली. ती दुसऱ्या बाजूनं निघाली. शेजारी बसलेले आजोबा सराईत होते. त्यांनी आपली पत्रावळ टोकाशी एका खड्यावर टेकवून सपाट करून घेतली होती आणि खिशातून दुसरा खडा काढून त्यांनी माझ्यापुढं केला. खिशातून! माणूस जेवायला येताना खडे घेऊन आला होता. एखाद्या जुन्या गावाची संस्कृती कशात असते यावर लोक ग्रंथ लिहितात. माझ्यापुरता तो प्रश्न तिथं मिटला.

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. “आमच्या घाटावर खडा लागत नाही,” ते म्हणाले. “आमचा घाट सपाट आहे.” मागून मामी म्हणाल्या, “सपाट कसला? तुम्ही वरच्या कडेला बसता.”

रंगपंचमीला बावधनचं बगाड. त्याविषयी मी फार बोलत नाही, कारण मला बगाड दिसलंच नाही. सोनेश्वराहून बैल ते ओढत भैरवनाथाकडे आणतात, शेताशेतातून, बैल बदलत बदलत. आणि त्याभोवती एवढी माणसं असतात की मला दिसला तो एका गृहस्थाचा सदरा आणि गुलाल. खूप वेळ दिसला. सदऱ्याची शिवण चांगली होती.

एव्हाना माझी वाईची सात-आठ वेळा फेरी झाली होती. वसंत, ग्रीष्म, वर्षा सगळं पाहून झालं होतं आणि दर वेळी मी एक दिवस, एक आठवडा किंवा एक घाट चुकत होतो. शेवटी मी मामांपुढं कॅलेंडर ठेवलं आणि म्हणालो, “आता तुम्हीच खूण करा.”

मामांनी पेन्सिल मागितली. बराच विचार केला. मग नोव्हेंबरचं पान काढून दुसऱ्या आठवड्याभोवती अंड्यासारखं वर्तुळ काढलं. “नदीला पाणी असतं, पण गढूळ नाही. डोंगर हिरवे, पण चिखल नाही. सकाळी घाटावर धुकं. शूटिंगवाले थांबलेले, वरच्या गाड्या अजून सुरू व्हायच्या. ह्याला म्हणतात वाई.”

मला एक शंका आली, ती मी बोलून दाखवली. अफझलखान पूर्वी या वाईचाच सुभेदार. १६५९ साली तो मोहिमेवर आला तेव्हा त्यानं पावसाळाभर इथंच तळ ठोकला आणि बरोबर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर, उत्तम हवा बघून, महाबळेश्वरच्या बाजूला प्रस्थान ठेवलं. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते चौथीच्या पोराला विचारा. वाईहून अगदी योग्य मोसमात सहलीला निघालेला एवढा एकच पाहुणा इतिहासात नोंदलेला आहे.

“त्याचा मोसम बरोबर होता,” मामा म्हणाले. “हेतू चुकला.”

त्या नोव्हेंबरात मी एकटाच निघालो. हिला नवीन नोकरीमुळं सुट्टी नव्हती, ती सकाळीच ऑफिसला गेली. खंबाटकी ओलांडली आणि खिडकीतूनच कळलं की मामा खोटं बोलले नव्हते. ऊन लोण्यासारखं पडलं होतं. पांडवगडाची कड कुणी नुकतीच पेन्सिलीला टोक करून काढावी अशी स्पष्ट. घाटावर गेलो. पाणी हळू चाललं होतं, इतकं स्वच्छ की तळाची पायरी दिसत होती, आणि त्या पायरीवर मासे होते. एक बाई धुणं धूत होती, गणपतीच्या देवळातून घंटा वाजली आणि पाण्यावरून जाऊन पलीकडच्या काठाला आपटून परत आली. हिंदी पाटी नाही, गाडी नाही, सदरा नाही. मी मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या. एकोणीस. हे मामांना सांगायचं म्हणून जवळजवळ धावतच त्यांच्या घरी गेलो.

दाराला कुलूप होतं.

ओटा सारवलेला, पंचा दोरीवर वाळत घातलेला. मी फोन लावला. पहिल्याच घंटेला मामांनी उचलला. मागं रिक्षांचा आवाज येत होता.

“अहो, तुम्ही आहात कुठं?” मी विचारलं.

“तुमच्या दारात,” मामा म्हणाले. “कुलूप आहे. दिवाळीनंतर या म्हणाला होतात ना? आलो. हवा छान आहे. धूळ मात्र बसलेली नाही.”

“मामा, पण मी वाईत आहे!”

क्षणभर शांतता. मग मागून मामींचं हसणं आणि मग मामांचा सावरलेला आवाज.

“शेजारी काकूंकडे किल्ली आहे, ती घ्या. फडताळात वरच्या कप्प्यात डब्यात चकल्या आहेत. पण त्या आता मऊ पडल्या असतील, जावईबापू. चकल्या खायच्या तर परवा यायला हवं होतं.”